लेण्यातून न दिसणारी जागा

रखमाजी बत्तीस वर्षं लोणावळ्याच्या लोको शेडात इलेक्ट्रिक फिटर होता. घाट चढून आलेल्या इंजिनाचं पोट उघडायचं, जळकी तार कापून नवी बसवायची, भोंगा झाला की रॉकेलनं हात धुवून क्वार्टरवर यायचं. शहात्तर साली तो रिटायर झाला. बायको आदल्या वर्षीच गेली होती, मुलगा भुसावळला नोकरीत रुळलेला. क्वार्टर रिकामं करून रखमाजी पाथरगावला आपल्या भावकीत परत आला.

पाथरगाव मळवली स्टेशनापासून दीड तासाच्या चालीवर, डोंगराच्या पोटाशी. गावाच्या डोक्यावर जुनी लेणी. दोन हजार वर्षांची म्हणतात. ती बघायला लांबलांबची माणसं यायची आणि त्या लेण्यांपायीच गावात वीज आली नव्हती. विजेचे खांब यायचे तर समोरच्या पठारावरूनच यायला हवेत. पण लेण्यांच्या ओसरीत उभं राहून समोर बघितलं तर खांब न् तारा दिसता कामा नयेत, असं लेण्यांकडच्या साहेबांचं म्हणणं. गावानं चार अर्ज केले, चारही परत आले. आयुष्यभर विजेत हात घातलेला माणूस म्हातारपणी चिमणीच्या उजेडात भाकरी खाऊ लागला.

उजेडाचं एक वेळ चाले. पाण्याचं चालत नसे. गावची विहीर शिमग्याला तळ गाठायची. मग बाया दीडशे पायऱ्या चढून लेण्यातल्या टाक्यावर जायच्या. कातळात कोरलेलं, बारमाही पाण्याचं टाकं. डोंगराच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी होती, अकरा घरांची. तिथल्या बायाही तिथंच उतरत. आधी गावचे हंडे भरायचे, मग ठाकरणींचे, अशी रीत होती आणि ती कुणी बोलून दाखवत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीच्या आसपास रखमाजी पेन्शनच्या कागदांसाठी पुण्याला गेला. जाता जाता एका संस्थेच्या अंगणात त्याला एक मोटार चालताना दिसली. पिंपातलं पाणी उचलून ती दुसऱ्या पिंपात टाकत होती. तो फाटकाशी थांबला. मोटारीची तार कुठून येते ते बघायला त्याची नजर भिंतीवर गेली, छपरावर गेली. तार जात होती ती निळसर काळ्या काचांच्या चौकटीत.

आतून एक तरुण इंजिनियर बाहेर आला. "काय बघताय काका?"

"लाइन कुठून घेतलीये?"

"लाइन नाही. ऊन आहे."

रखमाजी तासभर तिथून हलला नाही. त्यानं काचेवर हात धरला, मोटार मंदावली. हात काढला, मोटारीनं परत वेग धरला. इंजिनियर हसत होता. त्यांना प्रयोगासाठी एक गाव हवंच होतं, जिथं विजेची लाइन नाही असं. रखमाजीला वाटलं, इतकी वर्षं आपण जे शिकलो ते आता गावाच्या उपयोगी पडायची वेळ आली. खांब नको, तारा नको. लेण्यांवाले अडवणार कशाला?

नेमकं त्याच महिन्यात तालुक्याहून ओव्हरसियर आला होता. गाव आणि ठाकरवाडी यांच्या मधल्या जांभळीच्या टेपाडावर एक विहीर मंजूर होण्यासारखी होती. पण एका गावाला एकच पाण्याची योजना, दोन नाहीत; काय हवं ते गावानं ठरवून कळवा, असं सांगून तो गेला. सरपंच दत्तोबानं मारुतीच्या देवळात सभा घेतली. ठाकरवाडीचा नवशा आला होता, त्याची बायको हिरी मागं बायांत बसली होती. मांडीवर लेक, चिंगी.

रखमाजी उभा राहिला. "ओढ्याच्या डोहात पाणी हाय का न्हाई? बारा महिने हाय. पर ते खाली, कड्याच्या बुडाशी; घागर घिऊन वर चढता येत न्हाई. तिथून गावच्या हौदात चढवायला मोटार पायजे, मोटारीला वीज पायजे. ती वीज आता उन्हातनं मिळतीया. मी डोळ्यानं बघितली. शिमग्याला तुमच्या दारात पाणी. विहीर म्हंजे निस्ता कातळ. सुरुंग लावून दोन उन्हाळे जातील."

"पर भाऊ, ऊन काय कुणाच्या बापाचं हाय?" दत्तोबा म्हणाला. "आज हाय, उद्या ढग."

"ढगात पाऊस असतोय दत्तोबा. मग मोटार कशाला लागंल?"

लोक हसले. हसण्यानंच निम्मा निकाल लागला. तेवढ्यात हिरी मागून बोलली. "आबा, टेपाडाला पानी हाय. जांभळी कवाच वाळत न्हाईत. आन ते आमाला जवळ पडंल."

बाईनं सभेत बोलायचं, त्यातून ठाकरणीनं, म्हणून दोघांतिघांनी माना वळवल्या. रखमाजी मात्र समजुतीनं म्हणाला, "हिरे, वाडीलाबी ह्याच हौदातनं पाणी देऊ. माझा शबूद."

हिरी चिंगीला थापटत राहिली. अंगठे उठले. विहीर गेली.

पौषात लेण्यांकडचे साहेब आले. संस्थेचा इंजिनियर, दत्तोबा, रखमाजी, सगळे त्यांच्यामागं ओसरीत उभे राहिले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला लेण्यांची माया होती. खांबावरच्या हत्तीची सोंड तो बोटानं पुसायचा. हातातल्या काठीनं त्यानं एकेक जागा दाखवायला सुरुवात केली. हौदाजवळचं माळरान? इथून दिसतं. ओढ्यावरचा कातळ? दिसतो, आणि काच चमकेल. देवळाचं आवार? दिसतं. शेवटी काठी वाघोबाच्या ठाण्यामागच्या घळीवर थांबली. दोन्ही बाजूंनी दरड, मधे चिंचोळी जागा.

"तिथं ठेवा. समोर दगडी गडगा घाला, करवंदीची जाळी लावा. चौकटींना काळा रंग द्या. मला इथं उभं राहून काही दिसलं नाही म्हणजे झालं."

इंजिनियर दिवसभर घळीत बसला. ऊन कधी शिरतं, कधी निघतं ते वहीत लिहीत राहिला. संध्याकाळी रखमाजी एकटाच त्याच्यापाशी होता.

"काका, इथं उन्हाळ्यातही साडेदहाला ऊन येईल आणि दीडला जाईल. निम्मं पाणी मिळेल. कदाचित त्याहून कमी."

"गावाला पुरंल?"

"गावाला जेमतेम. वर वाडी धरली तर नाही पुरणार. तुम्ही लोकांना सांगा. अजून विहीर मागता येईल."

"सांगतो," रखमाजी म्हणाला.

त्यानं सांगितलं नाही. रोज सकाळी उठताना सांगायचं ठरवायचा. पारावर माणसं भेटायची, "काय रखमाजीभाऊ, कवा येतीया तुमची सूर्याची मोटार?" असं कौतुकानं विचारायची, आणि त्याच्या तोंडून निघायचं, "आली, आली." बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या इंजिनाखाली उताणा पडलेल्या माणसाला असं कौतुक नवं होतं. त्यानं स्वतःला समजावलं की एकदा मोटार चालू झाली, सगळ्यांनी पाहिली, की मग काचा वर सरकवायला साहेबही तयार होईल.

परवानगीच्या कागदात एक कलम होतं. मोटार चालू झाल्यावर गावानं आणि वाडीनं लेण्यातल्या टाक्यातून पाणी भरायचं नाही. तिथं लोखंडी दार बसेल. कागद रखमाजीनंच वाचून दाखवला. ते कलम त्यानं वाचलं, पण रेल्वेच्या नोटिशी वाचतात तसं, सरसर. दत्तोबानं सही केली. नवशानं अंगठा उठवला.

फाल्गुनात सोळा काचा आल्या. बायांनी दगड वाहिले, गडगा घातला. नवशानं आणि वाडीतल्या गड्यांनी घळीत चर खणला, रखमाजीनं स्वतःच्या हातानं केबल पुरली. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला ऊन घळीत उतरलं, मोटार घुमली आणि पाइपातून आधी वारा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी हौदात पडलं. नारळ फुटला. चिंगीनं पाइपाच्या तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ती इतकी किंचाळली की हिरीला हसू आवरेना. साहेब ओसरीतून दुर्बीण लावून बघत होता. त्याला खरंच काही दिसलं नाही. तो खूश झाला. त्याच आठवड्यात टाक्याला दार बसलं आणि किल्ली लेण्यांचा पहारेकरी हौशीराम याच्याकडे गेली. हौशीराम सोमाटण्याचा. साधा माणूस, पण नोकरीला घाबरून असलेला.

चैत्र कसाबसा गेला. वैशाखात डोहाचं पाणी उतरलं, मोटारीला ओढ जास्त पडू लागली. हौद अर्धाच भरायचा. गावात भांडणं सुरू झाली, तेव्हा दत्तोबानं पाळ्या लावल्या. वरची आळी, खालची आळी, मग वाडी. वाडीची पाळी दुपारी दोनला.

दीड वाजता ऊन घळीतून निघून जायचं.

पहिल्या दिवशी ठाकरवाडीच्या सात बाया दोनच्या ठोक्याला हौदावर आल्या. तळाशी चार बोटं पाणी होतं. त्यांनी वाटीनं खरवडून तीन हंडे भरले आणि सात जणींनी वाटून घेतले. दुसऱ्या दिवशी तेही नव्हतं. त्या तशाच बसून राहिल्या, पाइपाकडे बघत. रखमाजी लांबून ते बघत होता. मग जवळ गेला.

"दत्तोबाला सांगून पाळी बदलून घेतो," तो म्हणाला.

"आबा, पाळी बदलून पानी वाढतंय व्हय?" हिरीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं.

तो दत्तोबाकडे गेला. दत्तोबा म्हणाला, "भाऊ, माज्या घरातल्या बाया मला घरात घेत न्हाईत. वाडीला आधी दिलं तर गाव मला हितं ठिवंल का? तुमीच म्हनला हुता समद्यांना पुरंल म्हून."

रखमाजी मग साहेबाला भेटायला पुण्याला गेला. काचा ओढ्यावरच्या कातळावर, फक्त चाळीस पावलं वर, सरकवू द्या. दिवसभर ऊन मिळेल. साहेबानं ऐकून घेतलं, चहा पाजला. "तुमची अडचण मला कळते. पण कातळ लेण्यातून दिसतो. लेखी द्या, मी वर पाठवतो. पावसाळ्यानंतर उत्तर येईल."

"अन् तोवर टाक्याचं दार तरी उघडा."

"ते कसं उघडता येईल? तुम्ही सही केलीत."

ज्येष्ठ लागला. वाडीतल्या बाया दोन कोस लांब इंद्रायणीकडे जाऊ लागल्या. हिरीच्या सासूला ताप होता, तिला एवढा वेळ एकटं टाकता येईना. लेण्यांच्या मागून कड्यातून एक गुराख्यांची वाट होती, टाक्याच्या वरच्या अंगाला उतरणारी. तिथून दोराला घागर बांधून पाणी शेंदता येई. हिरी त्या वाटेनं जाऊ लागली. हौशीरामला ते ठाऊक होतं. दुपारी तो तिकडे पाठ करून बसायचा. तेवढंच त्याच्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी हिरी भरली घागर डोक्यावर घेऊन ती वाट चढत असताना पायाखालचा दगड सुटला. हौशीरामनं घागरीचा आवाज ऐकला. माणसाचा आवाज आलाच नाही.

रखमाजी पोहोचला तेव्हा नवशा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ती जिवंत होती. कंबरेखाली काहीच हलत नव्हतं. घोंगडीची झोळी केली, बांबू घातला. नवशा पुढं, रखमाजी मागं, दोघं आळीपाळीला. मळवलीची वाट उतरताना उन्हानं दगड तापले होते. हिरीनं मधे एकदाच पाणी मागितलं. कुणाकडेच नव्हतं. घाईत कुणी घेतलंच नव्हतं.

"थोडी कळ काढ, स्टेशनाला नळ हाय," नवशा म्हणत राहिला. "नळ हाय, हिरे. आलंच."

पठार उतरता उतरता झोळीचं वजन बदललं. रखमाजीला ते खांद्यावर कळलं. नवशाला कळलं की नाही हे त्याला समजेना, कारण नवशा तसाच चालत होता, तेच बोलत होता. शेवटी रखमाजीनंच पाय थांबवले.

हिरीचे दिवस झाल्यानंतर दुसऱ्या सकाळी रखमाजी पाना आणि पक्कड घेऊन घळीत उतरला. त्यानं पहिल्या चौकटीचे बोल्ट सोडले. वाडीतले चार गडी कुणी न बोलावता आले, नवशाही आला. सोळाच्या सोळा काचा त्यांनी डोक्यावरून कातळावर नेल्या. रखमाजीजवळ शेडातून आणलेली जुनी केबल होती, ती जोडून त्यानं लाइन वाढवली. त्याचे हात अजून चुकत नव्हते. नऊला मोटार लागली आणि संध्याकाळी पाचपर्यंत चालली. हौद भरून वाहिला. गावानं भरलं, वाडीनं भरलं, गुरं प्याली. दत्तोबा कातळाखाली येऊन उभा राहिला. "लय चांगलं केलंत भाऊ," म्हणाला, आणि मान वर करून लेण्यांकडे बघत राहिला.

रखमाजी हौदाच्या काठावर बसून होता. पाणी वाहताना बघून त्याला काहीच वाटेना. एवढंच मनात येत होतं की चाळीस पावलं होती. फक्त चाळीस पावलं.

तीन दिवस तसे गेले. चौथ्या दिवशी साहेब परदेशी पाहुणे घेऊन लेण्यात आला. ओसरीतून पाहुण्यांनीच बोट दाखवून विचारलं, ते खाली काय चमकतंय?

आठवड्याच्या आत संस्थेला पत्र गेलं. अट मोडली, परवानगी रद्द. तोच तरुण इंजिनियर ट्रक घेऊन आला. काचा चिंध्यांत गुंडाळताना त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"काका, ठरलेल्या जागी राहू दिल्या असत्या तर निदान..."

"तर निदान काय?" रखमाजीनं विचारलं.

इंजिनियरनं चिंधीची गाठ आवळली. जाता जाता हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तेव्हा सांगितलं होतं ना गावाला? निम्म्या पाण्याचं?"

रखमाजीनं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मोटार गेली, टाक्याचं दार तसंच राहिलं. दत्तोबा तालुक्याला, वडगावला जाऊन आला. टेपाडाच्या विहिरीचा पैसा दुसऱ्या गावाला दिला गेला होता. पाऊस लांबला होता, अजून दहा-बारा दिवसांत येईल असं म्हणत, पण वाडीनं ते दिवस काढायचं नाकारलं. अकरातली नऊ घरं उठली. पत्रे, बांबू, कोंबड्या, म्हातारी माणसं पाठुंगळी घेऊन ती लोणावळ्याकडे गेली. गावानं त्यांना थांबवलं नाही. कुणी रखमाजीला शिव्याही दिल्या नाहीत. पारावर तो आला की विषय बदलायचा, एवढंच.

पाऊस संपल्यावर, आश्विनात, तो लोणावळ्याजवळच्या कुसगावला गेला. तिथं कुणा मुंबईवाल्याचा बंगला बांधायचं काम चालू होतं. नवशा उन्हात बसून खडी फोडत होता. चिंगी वाळूच्या ढिगावर खेळत होती. तिनं रखमाजीला ओळखलं नाही.

"आबा, बसा," नवशा म्हणाला आणि गोणपाट झटकून पुढं केलं.

रखमाजी बसला नाही. लोणावळा स्टेशनापासून चालत येताना त्यानं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"नवशा, मला ठावं व्हतं. घळीत पाणी निम्मंच मिळणार, वाडीला पुरणार न्हाई, हे मला इंजिनियरनं पौषातच सांगितलं व्हतं. तवा विहीर मागता आली असती. मी बोललो न्हाई."

नवशाच्या हातातला हातोडा थांबला. त्यानं तो खाली ठेवला. रखमाजीला वाटलं, आता हा उठेल, मारेल. त्याला ते हवंच होतं.

"मंग आता कशाला सांगताय?" नवशानं विचारलं.

रखमाजीनं वाळूच्या ढिगावरच्या चिंगीकडे बघितलं.

"ती गेली तवा मी म्हनलो, दगड सुटला. दगडाचं काय, सुटतोय. तेवढं बसत आलंतं मनात." नवशानं खडीचा एक तुकडा बाजूला फेकला. "आता पुन्यांदा पयल्यापासनं मनात आनायचं मी. तुमी सांगून मोकळं झाला, आबा. जावा."

मुकादमानं लांबून हाक मारली. नवशानं हातोडा उचलला आणि पुढचा दगड पायात धरला. रखमाजी वळून लोणावळ्याच्या रस्त्याला लागला. मागं हातोड्याचे घाव एकसारखे पडत होते, आणि गाडीच्या वेळेला अजून दोन तास होते.